न सोडलेली गाठ

धक्क्याच्या टोकाला एक बसकी, बिनखिडक्यांची खोली होती. दारावर पाटी होती ‘तपासणी कक्ष’, पण पाटी वाचायची तसदी कोणी घेत नसे. सगळे तिला झडतीघर म्हणत आणि तिथल्या माणसाला झडतीमास्तर. मास्तरांनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. ते समोरच्या बेटाचे राखणदार. पण कोणी हयगय केली की चष्म्यावरून ते ज्या नजरेने बघत, ती पाहून कोणाला तरी आपल्या गणिताच्या मास्तरांची आठवण झाली असावी. नाव चिकटलं ते चिकटलं.

बेट धक्क्यावरून दिसायचं. लाँचने पाऊण तास. तिथे वस्ती नाही, दुकान नाही, दिव्याचा खांब नाही. कायद्याने राखलेलं बेट. भोवती तरंगत्या लाल पिंपांचं कडं होतं आणि त्याच्या आत जाळं टाकायला बंदी. पश्चिमेच्या कड्यांवर कुरव आणि सुरय पक्ष्यांचा कलकलाट, खालच्या खडकांवर उन्हं खात पडलेले सील, आणि उरलेल्या सगळ्या उतरणीवर गवताखाली बिळंच बिळं. या बिळांत करडी वादळपाखरं अंडी घालत. मुठीत मावेल एवढं पाखरू, पण आयुष्य सगळं भर समुद्रात. जमिनीला पाय लावायचा तो फक्त अंड्यासाठी. वर्षाला एकच अंडं, तेच बीळ, तोच जोडीदार.

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे अख्ख्या धक्क्याच्या वहिनींनी, त्यांना नाव ठेवलं होतं माहेरवाशिणी. “वर्षभर सासर, बाळंतपणापुरत्या तेवढ्या माहेरी येतात,” त्या म्हणायच्या, “आणि आल्या की कशा एकदम बोलायला लागतात बघा. वर्षाचं साचलेलं असतं.”

या पाखरांची एकच खोड. जमिनीवरचा शत्रू त्यांना ठाऊकच नाही. बिळात उंदीर शिरला तर पाखरू उडून जात नाही, अंड्यावर बसून राहतं. बेटावर उंदीर नव्हता म्हणून तर ती तिथे होती. एक गाभण उंदरीण उतरली असती तर चार-पाच वर्षांत उतरण ओस पडली असती. झडतीघर होतं ते एवढ्यासाठी.

खोलीची फरशी पांढरीशुभ्र. दाराखाली रबराची पट्टी, नख शिरणार नाही अशी. बेटावर जाणाऱ्याने आत यायचं, दार लावायचं आणि आपलं सामान फरशीवर ओतायचं. पिशव्या उलट्या, खिसे उलटे, बुटांच्या नाड्या सोडलेल्या. पीठ चाळणीतून जायचं. पेटी असेल तर तळाचा कागदसुद्धा निघायचा. आणि हे सगळं इतरांच्या देखत. एवढा एक नियम सरकारी नव्हता, मास्तरांचा स्वतःचा होता. “एकाचं आडोशाला बघितलं की दुसरा म्हणतो, त्याचं सोडलं असेल. सगळ्यांचं सगळ्यांसमोर.” तपासून झालं की ते सामानाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधत. पट्टी नाही तर लाँच नाही.

एकदा मोठे साहेब नवेकोरे बूट घालून आले. मास्तरांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि बुटांचे तळवे चिमट्याने खरवडून गवताचं बी काढलं. साहेब मोज्यांवर बसून राहिले.

“मास्तर, मी तुमचा वरिष्ठ आहे,” साहेब हसत म्हणाले.

“बूट नाहीत ना वरिष्ठ,” मास्तर म्हणाले.

लाँचवाला तर नेहमीचाच. एकतीस वर्षं त्याची आणि मास्तरांची जुगलबंदी चालू. “मास्तर, सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्यात, त्याही बघून घ्या,” तो म्हणायचा. मास्तर टॉर्च त्याच्या तोंडासमोर धरायचे. “आ कर. बघतो. अक्कल सापडली तर तीही पट्टी बांधून देतो.”

लाँच आठवड्यातून एकदा, मंगळवारी सुटायची. पाखरं यायच्या दिवसांत, म्हणजे वर्षातले सहा महिने, मास्तर बेटावरच राहत. मंगळवारी सकाळी धक्क्यावर यायचं, सगळं तपासायचं, त्याच लाँचने परत. बेटावर एक लाकडी खोली, पावसाचं पाणी साठवायची टाकी, बिळं खचू नयेत म्हणून घातलेली फळ्यांची वाट, आणि बेटभर खुंट्यांवर ठोकलेले मेणाचे ठोकळे. मेणाला शेंगदाण्याचा वास लावलेला. उंदीर असला तर ठोकळा कुरतडल्याशिवाय राहत नाही आणि दातांची खूण मेणात उमटते. मास्तर दर आठवड्याला सगळे ठोकळे बघत आले होते. एकतीस वर्षांत मेण गुळगुळीत.

लग्नानंतर वहिनी पहिल्यांदा बेटावर निघाल्या तेव्हा झडतीघरात त्यांचीही पेटी फरशीवर ओतली गेली. नव्या साड्या, आरसा, आईने दिलेली लोणच्याची चिनी बरणी, मैत्रिणींची पत्रं. लाँचवाला आणि दोन गवंडी बघत उभे. नवरी मुलगी रडवेली झाली. बेटावर पोचल्यावर दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाखरांचा आवाज ऐकून तीच म्हणाली, “हे कोण ओरडतंय?” आणि बोलणं सुरू झालं. पुढे हा घरातला कायमचा विनोद झाला. मुलीला, जावयाला, शेजारणीला, जो भेटेल त्याला वहिनी सांगत, “माझी पेटी सासूने उघडायच्या आधी यांनी उघडली. तीही बाजार भरवून.”

मग त्यांच्या पोटात काही तरी वाढायला लागलं. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी डॉक्टरांनी केलीच नाही. मास्तरांना बाहेर बोलावून ते म्हणाले, “आता पथ्यबिथ्य राहू द्या. जे खावंसं वाटेल ते द्या. जिथे जावंसं वाटेल तिथे न्या.”

खाण्याचं काही वहिनींनी मागितलं नाही. त्या म्हणाल्या, “मला एकदा माहेरवाशिणींचं बोलणं ऐकायचंय.”

मुलगी दुसऱ्या शहरात होती. ती फोनवर कडाडली, “बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? तिथे ना डॉक्टर, ना संडास धड!” मास्तर म्हणाले, “अगं, तिची इच्छा आहे.” मग मुलगी म्हणाली, “न्या. पण तिला थंडी वाजू देऊ नका.”

साहेबांनी पंधरा दिवसांची परवानगी दिली. अडचण एकच होती. बेटावरची लोखंडी खाट वहिनींच्या हाडांना सोसण्यातली नव्हती. घरची कापसाची गादी न्यायला हवी होती, जिच्यावर त्या सात महिने पडून होत्या. आजारात माणसाच्या हाती काही राहत नाही, कपडे राहत नाहीत, अंथरूण राहत नाही. गादीला डाग पडले होते. वहिनींनी ते परोपरीने धुतले, पण कापसात मुरलेलं धुऊन जात नाही. शेवटी त्यांनी गादीची गुंडाळी करायला लावली, तिच्यावर जुनी चादर लपेटून बसल्या बसल्या दाभणाने कडा शिवल्या, वरून सुतळी आवळायला लावली. निघायचं ठरलं होतं त्या मंगळवारी समुद्र खवळला. लाँच सुटली नाही. गुंडाळी आठवडाभर मागच्या पडवीत, सरपणाच्या शेजारी पडून राहिली.

पुढच्या मंगळवारी मास्तरांनी पिठाचं पोतं, डाळी, औषधं, रॉकेल, सगळं पहाटेच तपासून लाँचवर चढवलं. पीठ तर दोनदा चाळलं. लाँचवाला पोतं उचलताना म्हणाला, “आता एवढं बारीक झालंय की वाऱ्याने उडेल.” मग मास्तर घरी जाऊन वहिनींना खुर्चीत बसवून घेऊन आले. झडतीघरात बेटावरच्या खोलीचं छप्पर दुरुस्त करणारे दोन सुतार आपली हत्यारं फरशीवर मांडून उभे होते. लाँचवाला दाराला टेकला होता. वहिनींची पिशवी उघडली, झटकली, पट्टी बांधली. त्या हसून म्हणाल्या, “या वेळी पत्रं नाहीत हो.”

मास्तरांनी सुरी घेतली आणि गुंडाळीच्या सुतळीला हात घातला.

“अहो,” वहिनी म्हणाल्या. आवाज इतका खाली की मास्तरांना वाकावं लागलं. “एवढी नको. त्यात माझी लाज आहे.”

मास्तरांनी मान वळवून पाहिलं. सुतार छताकडे बघत होते. त्यांना काही कळलं नव्हतं, पण आजारी बाईच्या समोर माणसाने कुठे बघायचं हे त्यांना उमजत होतं. दार उघडून तिघांना बाहेर काढणं मास्तरांना सहज शक्य होतं. पण ‘सगळ्यांचं सगळ्यांसमोर’ हे वाक्य ज्याने तीस वर्षं घोकून घेतलं, त्याने आपल्याच बायकोसाठी लोकांना बाहेर काढायचं, म्हणजे आत लपवण्यासारखं काही आहे असं दवंडी पिटून सांगायचं. त्यांना ती रडवेली नवरी आठवली. तेव्हा त्यांनी पेटी ओतली होती, कारण नियम होता आणि वय पंचविशीतलं होतं.

त्यांनी गुंडाळी दोन्ही हातांनी दाबून बघितली. एकदा उलटी केली. कान लावला. मग सुरी मिटली, खिशात टाकली आणि म्हणाले, “बघितली.”

सुतळीच्या गाठीवर त्यांनी पांढरी पट्टी बांधली. वहिनींनी डोळे मिटून मान हलवली. उपकार मानल्यासारखी.

बेटावर उतरल्यावर मास्तरांनी आधी वहिनींना पाठुंगळी घेतलं. चढ त्यांना आता झेपत नव्हता आणि वजन तर शाळकरी मुलीएवढं राहिलं होतं. गादी अर्धा तास फळ्यांच्या वाटेवर पडून होती. मग ती वर आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “मीच सोडते. तुम्ही बाहेर जा.” मास्तर गेले. दिव्याच्या उजेडाने पाखरं बावचळतात म्हणून खोलीच्या झडपा दिवसासुद्धा अर्ध्या बंदच असत. त्या अंधूक उजेडात वहिनींनी आपल्या हातांनी शिवण उसवली आणि डागांची बाजू खाली करून गादी अंथरली.

ते आठ दिवस फार चांगले गेले. सुतार छप्पर नीट करून पहिल्याच संध्याकाळी लाँचने परत गेले होते. मग दोघंच. वहिनी दिवसा बाहेरच्या बाकावर करडी शाल पांघरून बसत. शालीकडे बघून मास्तर म्हणत, “तूही त्यांच्यातलीच दिसतेस.” त्या म्हणत, “मग मला पण बीळ खणून द्या एक.” तिन्हीसांजेला समुद्रावरून सावल्या यायला लागत आणि सगळी उतरण घुमायला लागे. जमिनीखालून कुजबुज, वरून साद. वहिनी बोट वर करून म्हणत, “ऐका. आल्या.”

नवव्या दिवशी सकाळी मास्तर ठोकळे बघायला निघाले. पहिलाच ठोकळा खोलीपासून वीस पावलांवर. त्याच्या कोपऱ्यावर दोन बारीक समांतर चर होते. शेजारी आणखी दोन.

मास्तर गुडघ्यावर बसले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. चरात नख बसवून बघितलं. बेटावर आलेली एकेक वस्तू त्यांनी डोळ्यांपुढे आणली. पीठ, डाळ, औषधं, रॉकेल, सुतारांची हत्यारं, पिशवी. सगळं फरशीवर ओतलेलं त्यांना दिसत होतं. एकच वस्तू दिसत नव्हती.

वहिनी बाकावर होत्या. मास्तर खोलीत गेले, दार लावलं आणि गादी उचलली. गुंडाळीचं टोक जिथे आत दुमडलेलं होतं, तिथे खालच्या अंगाला मुठीएवढं भोक होतं. आत कापूस पोखरून गोल खळगा केलेला, त्यात काळे केस आणि लेंड्या. वाळलेल्या. म्हणजे उंदरीण केव्हाच बाहेर पडली होती, बहुधा वाटेवरच्या त्या अर्ध्या तासात. खळगा मऊ आणि नीटस होता. असं घरटं एकट्यासाठी कोणी करत नाही.

मग त्यांनी लेंड्या कागदात गोळा केल्या, खळगा कापसाने बुजवला आणि पोत्याच्या सुईने भोक शिवून टाकलं. टाके मोठे, वेडेवाकडे. शिवण हे त्यांचं काम कधीच नव्हतं. तासाभरात त्यांनी बिनतारीवर साहेबांना कळवलं, “बेटावर उंदीर आहे.” पलीकडून दोनदा विचारणा झाली. दोनदा त्यांनी तेच सांगितलं. साहेब म्हणाले, उद्या दुपारपर्यंत पोचतो.

बाहेर येऊन ते वहिनींच्या शेजारी बसले. सांगायचं होतं. सांगितलं असतं तर दोघांनी मिळून दुःख तरी केलं असतं. पण कसं सांगणार? तुझ्या लाजेपायी तुझं माहेर गेलं, असं? जिच्याजवळ फार तर दोन महिने उरलेत तिला?

संध्याकाळी त्या आडव्या होताना म्हणाल्या, “गादीला टाके कोणी घातले?”

“मीच. उसवली होती,” मास्तर म्हणाले.

वहिनींनी एका टाक्यावरून बोट फिरवलं. त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. आणि कूस बदलली. बाहेर माहेरवाशिणी बोलत होत्या. मास्तरांना तो आवाज ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी साहेब माणसं, सापळे आणि पेट्या घेऊन आले. खोलीजवळची बिळं त्यांनी काठीला बांधलेल्या आरशाने तपासली. सहा बिळांत फुटलेली कवचं होती. एकात पाखरू होतं, अंड्यावर बसलेलं, मानेपासून खाल्लेलं. अंड्यावरून उठलं नव्हतं.

“कसा आला, मास्तर?” साहेबांनी विचारलं. “अंदाज आहे काही?”

मास्तर म्हणाले, “अंदाज नाही, माहीत आहे. माझ्या पिठाच्या पोत्यातून. मी ते उघडलं नव्हतं.”

साहेबांनी आरशाची काठी खाली ठेवली. “तुम्ही? उघडलं नव्हतं?”

“घाई होती. म्हटलं, घरचंच आहे.”

“मास्तर,” साहेबांचा आवाज चढला नाही, उलट बसला. “तुम्ही माझे बूट खरवडले होते हो.”

बाकावर वहिनींना सगळं ऐकू जात होतं. ऐकू जावं म्हणूनच ते तिथे उभं राहून बोलत होते. पेट्या उतरवणारा लाँचवाला हातातली पेटी तशीच धरून थांबला होता. मास्तरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि त्याने तोंड उघडलं होतं ते मिटलं.

साहेब पलीकडे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, “तीस वर्षं जगाची झडती घेतलीत. आणि स्वतःचं पोतं बघवलं नाही?”

“चुकलं,” मास्तर म्हणाले.

“चुकलं म्हणे.” त्यांना धाप लागली. “त्या बिचाऱ्या माहेरी आल्या होत्या हो. विश्वासाने आल्या होत्या.”

त्यानंतर त्या परतीच्या लाँचमध्ये बोलल्या नाहीत. घरी आल्यावर पाणी, औषध, उशी, एवढंच बोलत. गादी मास्तरांनी बेटावरच जाळली. पीठही जाळलं, चाळलेलं, स्वच्छ पीठ. नवी गादी आणली. तिच्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडत. लग्नानंतरचे दोन दिवस त्या अशाच गप्प होत्या. तेव्हा तिसऱ्या दिवशी पाखरांनी सोडवलं होतं. आता कोण सोडवणार?

मास्तरांना कचेरीत बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष होतं म्हणून साहेबांनी सांभाळून घेतलं, पण झडतीघराची किल्ली गेली आणि बेटावर जायला बंदी आली. बंदराच्या माणसांनी बरंच चघळलं. दिव्याखाली अंधार, म्हणाले. कोणी म्हणालं, म्हातारपणी असंच होतं. ज्यांच्या पिशव्या ओतल्या गेल्या होत्या त्यांना थोडं बरंही वाटलं असेल.

लाँचवाला एका दुपारी कचेरीच्या पायरीवर येऊन बसला. “मास्तर, पीठ माझ्यासमोर चाळलं होतंत. दोनदा.”

“गप बस.”

“मी गप्पच आहे. पण वहिनी तुमच्याशी बोलत नाहीत असं ऐकलं, म्हणून...”

“तू तिच्याशी काही बोललास?”

“देवाशपथ नाही.”

“मग नको बोलूस. तिला माझा राग येऊ दे. राग सोसतो तिला. दुसरं सोसायचं नाही.”

पाच आठवडे झाल्यावर एकदा वहिनींनी आपणहून विचारलं, “किती राहिल्या?”

मास्तर खोटं बोलू शकले असते. बेट दूर, माणूस अंथरुणाला खिळलेलं. पण एक खोटं सांभाळतानाच त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. “दक्षिणेच्या उतरणीवरची, खोलीजवळची बिळं गेली,” ते म्हणाले. “सगळी नाही. पण जवळजवळ. उंदरिणीची पिल्लंही बाहेर पडलीत. विष घालायचं तर पाखरं समुद्रावर परत गेल्यावरच घालता येईल.”

वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने त्यांचा हात मागे आला आणि गादीच्या कडेवर फिरत राहिला, शिवणीवरून, काहीतरी चाचपल्यासारखा. मास्तरांनी तो हात धरला. वहिनींनी सोडवून घेतला नाही. पण बोटंही आवळली नाहीत.

आठ दिवसांनी त्या गेल्या. मुलगी उशाशी होती. तिच्याशी दोन शब्द बोलल्या, “यांना सांभाळ.” यांच्याशी नाही बोलल्या.

त्या दिवसापासून मास्तरांच्या डोक्यात एकच प्रश्न. अंधूक उजेडात गादी अंथरताना तिला ते भोक दिसलं होतं का? टाक्यांवरून बोट फिरवताना कळलं होतं का? ती आपल्यावर रागावून गेली की स्वतःवर? आपल्यावर असेल तर ठीक. तेवढ्यासाठीच सगळं केलं. पण तिला कळलं असेल, तर ती एकटीने ते ओझं घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचा नवरा हातभर अंतरावर बसून पिठाचं खोटं राखत होता. विचारायला जागाच त्यांनी ठेवली नव्हती. आणि आता विचारणार कोणाला?

निवृत्ती झाली. कचेरीतल्या लोकांनी खुर्चीवर बसवून हार घातला, साहेब चार शब्द बोलले, बेटाचा उल्लेख टाळून. बेटावर दोन हिवाळे विष घातलं गेलं. मग दोन वर्षं ठोकळे गुळगुळीत राहिले. तेव्हा साहेबांनी घरी निरोप पाठवला. दक्षिणेच्या उतरणीवर जुनी बिळं कुठे कुठे होती हे नकाशावर धड नाही, मास्तरांच्या डोक्यात आहे. एक दिवस येऊन दाखवाल का?

मंगळवारी मास्तर झडतीघरात गेले. आता तिथे एक तरुण तपासनीस बाई होती. कामाची चोख. त्यांचीच पद्धत, त्यांचीच पांढरी पट्टी. पक्ष्यांचा अभ्यास करणारे तिघं आपलं सामान फरशीवर ओतून उभे होते. लाँचवाला दाराला टेकला होता, केस सगळे पांढरे.

मास्तरांनी न सांगता पिशवी ओतली, खिसे उलटे केले, नाड्या सोडल्या. शेवटी राहिलं एक छोटं गाठोडं. जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधलेली करडी शाल. बेटावरच्या खोलीत, बाकाकडच्या खुंटीवर टांगून यायचं त्यांनी ठरवलं होतं.

तपासनीस बाईने गाठीला हात लावला आणि थांबली. बंदरावर तिने ऐकलं असणार. “काका, हे काकूंचं ना?”

मास्तरांनी मान हलवली.

“राहू द्या मग. मी वरून बघते दाबून.” ती हळूच म्हणाली. तिघं अभ्यासक छताकडे बघायला लागले.

“नाही,” मास्तर म्हणाले. “उघड.”

“काका, खरंच नको. एवढंसं तर आहे.”

“मुली, ती गाठ सोड. सगळ्यांसमोर सोड.” त्यांनी गाठोडं तिच्यापुढे सरकवलं. “मी एकदा नाही सोडली.”

लाँचवाल्याने दाराकडे तोंड फिरवलं.

बाईचे हात पुढे होईनात, तेव्हा मास्तर स्वतःच गुडघ्यांवर बसले. गाठ घट्ट होती. त्यांनी ती नखांनी सोडवली, शाल बाहेर काढली, दोन टोकांना धरून उंच केली आणि झटकली. पांढऱ्या फरशीवर काही पडलं नाही. उलटी करून पुन्हा झटकली. शालीची दशी न् दशी त्यांनी बोटांनी विंचरली, घड्या चाचपल्या, जिथे कापड दुमडतं तिथे दोनदा बघितलं.

“झालं, काका,” बाई म्हणाली. तिच्या हातात पट्टी तयार होती. “काही नाही त्यात.”

बाहेर लाँचचं इंजिन सुरू झालं होतं. मास्तरांनी शाल परत उचलली आणि पुन्हा एकदा झटकली.